वस्तऱ्याचा शेवटचा दगड

आठवीच्या वर्गात खनिजांचे काठिण्य शिकवत होतो. फळ्यावर मोहस्‌ची श्रेणी लिहिली होती: शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, असे करत गारगोटी म्हणजे क्वार्ट्‌झ ७, पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा पाडतो तो अधिक कठीण, हे साधे सूत्र मुलांना पटले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचे गावात केशकर्तनालय आहे. एरवी तो वर्गात फारसा बोलत नाही.

"सर, आमच्या आजोबांच्या धोकटीत एक दगड आहे. त्याच्यावर खिळा ओढला तर ओरखडा उठतो. पण त्याच दगडावर आजोबा वस्तऱ्याला धार लावायचे. वस्तरा तर खिळ्यापेक्षा कडक. मग दगड कडक की वस्तरा?"

मी श्रेणीकडे बोट दाखवून उत्तर दिले, "खिळ्याने ओरखडा उठतो म्हणजे दगड खिळ्याहून मऊ. तो वस्तऱ्याला घासूच शकणार नाही. नुसते पुसल्यासारखे होत असेल." मुलगा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर पटल्याचे काही दिसले नाही.

दोन दिवसांनी तो वडिलांना घेऊनच शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी धोकटी उघडली, दगडावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि वस्तरा आडवा धरून वीस-पंचवीस हात मारले. दगडावरचे पाणी राखाडी झाले, मग काळसर. त्यांनी ते बोटाने पांढऱ्या कागदावर पुसून माझ्यापुढे धरले. "हे पोलाद आहे, गुरुजी," एवढेच ते म्हणाले.

माझे उत्तर चुकले होते. सूत्र बरोबर होते, पण मी ते चुकीच्या वस्तूला लावले होते. ती चूक कुठे झाली हे शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडत आहे.

दगड मऊ, कण कठीण

मोहस्‌ची श्रेणी खनिजांसाठी आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोहस् यांनी ती १८१२ मध्ये मांडली. खडक म्हणजे मात्र बहुतेक वेळा अनेक खनिजांची मोट असते. शेंगदाण्याची चिक्की घ्या. तिचा तुकडा सहज मोडतो, पण दाण्यापाशी मोडत नाही, गुळापाशी मोडतो. धारेच्या दगडाचेही असेच असते. अभ्रकाच्या किंवा चिकणमातीच्या मऊ पसाऱ्यात क्वार्ट्‌झचे किंवा तामड्याचे म्हणजे गार्नेटचे बारीक कठीण कण रुतलेले असतात. खिळा ओढला की मऊ पसारा उकरला जातो आणि कण बाजूला सरतात. आपल्याला दिसतो तो ओरखडा पसाऱ्यावरचा. वस्तऱ्याची धार घासली जाते ती मात्र कणांवर.

वस्तऱ्याच्या कडक केलेल्या पोलादाचे काठिण्य मोहस्‌च्या श्रेणीत साधारण साडेसहाच्या आसपास येते. क्वार्ट्‌झचे ७ आणि तामड्याचे जातीनुसार साडेसहा ते साडेसात. म्हणजे कण पोलादाला कोरू शकतात, पण थोडक्यात. काचकागदाचेही हेच तत्त्व आहे. कागद नखाने फाटतो, पण त्याच्यावरचे कण लोखंड घासतात.

यावरून धारेच्या दगडाबद्दल तीन प्रश्न विचारायला हवेत. कण कशाचे आणि केवढे? त्यांचा आकार कसा? आणि त्यांना धरून ठेवणारा पसारा किती घट्ट? निरनिराळ्या दगडांतला फरक या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सापडतो.

धार म्हणजे काय?

दोन सपाट पृष्ठे जिथे भेटतात ती रेषा म्हणजे धार. भूमितीत रेषेला जाडी नसते, पोलादात ती असतेच. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. दाढीला योग्य अशा धारेची जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी असावी लागते.

वस्तऱ्याचा कोन ठेवायला कारागिराला काही मोजावे लागत नाही. वस्तऱ्याची पाठ जाड असते. दगडावर पाते आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, आणि कोन आपोआप ठरतो. हे गणिताच्या तासाला मांडता येईल. पाठीची जाडी ५ मिलीमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंत अंतर १८ मिलीमीटर असेल, तर अर्ध्या कोनाची ज्या २.५ ÷ १८ म्हणजे ०.१३९. अर्धा कोन सुमारे ८ अंश, पूर्ण कोन सुमारे १६ अंश. घासताना धारेबरोबर पाठही थोडी झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षे वापरूनही कोन फारसा बदलत नाही. वस्तऱ्याचा आकार ज्यांनी घडवला त्यांच्या हाताला ही भूमिती ठाऊक होती.

धार बोथट का होते, हाही प्रश्न येतो. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो. तरीही दाढीचे पाते बोथट होतेच. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापताना पात्याचे निरीक्षण केले. धार हळूहळू गोल होते असे नव्हे, तर तिचे बारीक टवके उडतात, असे त्यांना आढळले. केस तिरपा वाकून धारेवर आला आणि त्या जागी धारेत आधीच बारीक खाच असली, की तिथून टवका निघण्याची शक्यता वाढते. म्हणजे धार किती बारीक आहे याबरोबर ती किती एकसारखी आहे, हेही महत्त्वाचे. शेवटच्या दगडाचे काम नेमके हेच आहे.

आधीचे दगड आणि शेवटचा दगड

धार लावणे ही पायऱ्यांची प्रक्रिया आहे. पहिला दगड जाड कणांचा. तो टवके आणि बोथटपणा काढतो, पण स्वतःचे खोल चर मागे ठेवतो. पुढचा दगड ते चर घालवून आपले उथळ चर ठेवतो. शेवटच्या दगडाने पोलाद फारसे काढायचे नसते. आधीच्या दगडाचे चर पुसून, स्वतःचे शक्य तितके उथळ चर मागे ठेवायचे असतात. दोन्ही बाजूंचे चर धारेपाशी भेटतात तिथे करवतीसारखे दाते तयार होतात. चर जितके उथळ, तितके दाते लहान. यानंतर वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात आणि मग तो गालाला लागतो.

अशा शेवटच्या दगडांची निवड फार जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने आपल्या 'नैसर्गिक इतिहास' या ग्रंथात धारेच्या दगडांची वर्गवारी केली आहे. काही दगड तेलाने चालतात, काही पाण्याने, आणि न्हाव्यांच्या दुकानातले काही दगड माणसाच्या थुंकीने, असे तो नोंदवतो. आरोग्याच्या दृष्टीने ही शेवटची पद्धत विसरलेलीच बरी, पण दगडाबरोबर द्रवही महत्त्वाचा असतो ही जाण त्यात आहे.

चार प्रदेश, चार दगड

जगात वस्तऱ्याच्या शेवटच्या दगडांसाठी चार प्रदेश विशेष प्रसिद्ध झाले.

पहिला बेल्जियममधील आर्देन डोंगराळ भागातला. तिथल्या फिकट पिवळ्या दगडाला कोतिक्यूल म्हणतात. हे नाव छोटा धारदगड या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले. सुमारे ४७-४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर मँगेनीजयुक्त गाळाचे पातळ थर साचले. पुढे डोंगर घडताना उष्णता आणि दाब यांनी त्या थरांत मँगेनीजयुक्त तामड्याचे असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले. ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे असतात आणि खडकाच्या आकारमानाचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक भाग व्यापतात. बाकी पसारा मुख्यतः अभ्रकाचा. पिवळा थर काही मिलीमीटरांपासून काही सेंटीमीटरांपर्यंतच जाड असतो, म्हणून तो निळसर पाटीच्या दगडावर चिकटवून विकतात. त्याच्या शेजारचा निळसर-जांभळा थरही धारेला वापरतात. त्यात तामड्याचे प्रमाण कमी असते आणि रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो.

दुसरा जर्मनीतल्या थुरिंगियाचा. हा पाटीच्या दगडाच्या कुळातला, मऊ आणि अतिशय बारीक कणांचा. रंग गडद निळा, राखाडी किंवा पिवळसर हिरवा. याच डोंगरातल्या स्टाइनाख गावाशी आपल्या व्यवसायाचाही संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला पाटीवर लिहायच्या दगडी पेन्सिली इथून जगभर जात. आज तिथे पाटीच्या दगडाचे संग्रहालय आहे. मुलांच्या पेन्सिली आणि न्हाव्यांचे दगड एकाच मुलखातून निघत होते.

तिसरा अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला, हॉट स्प्रिंग्स गावाभोवतीच्या वॉशिटा डोंगरांतला नोव्हॅक्युलाइट. लॅटिनमध्ये नोव्हॅक्युला म्हणजे वस्तरा. खडकालाच वस्तऱ्याचे नाव मिळाले. हा जवळजवळ शुद्ध सिलिका आहे. डेव्होनियन काळात आणि त्यानंतर समुद्रतळावर साचलेली सिलिका पुढे सूक्ष्म क्वार्ट्‌झ स्फटिकांत बदलली. हे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. इथे चिक्कीतला गूळच नाही, नुसते दाणे एकमेकांना धरून आहेत. पाश्चात्त्य व्यापारी तिथे येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी या दगडाची हत्यारे करत होते.

चौथा जपानमधल्या क्योतो शहराजवळचा. हा सिलिकायुक्त शेल आहे आणि त्याची कथा विलक्षण आहे. खोल समुद्रात रेडिओलॅरिया नावाच्या सूक्ष्म जीवांची सिलिकेची कवचे साचून चर्ट नावाचा खडक बनत होता. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा सर्वांत मोठा जीवविनाश झाला आणि समुद्रातल्या बहुसंख्य प्रजाती नष्ट झाल्या. त्यानंतर बराच काळ चर्ट बनणे थांबले आणि त्याऐवजी सिलिकायुक्त मातीचे बारीक थर साचत राहिले. जपानी भूवैज्ञानिक या थरांना 'तोइशी प्रकारचा' खडक म्हणतात. तोइशी म्हणजे धारेचा दगड! क्योतोचे नामांकित दगड या थरांतून निघाले. कारागिरांनी बोटांनी ओळखलेला थर पृथ्वीच्या इतिहासातल्या एका भयंकर घटनेची खूण निघाला.

मोठे कण, उथळ चर

आता एक कोडे पाहू. आजच्या कृत्रिम दगडांवर क्रमांक असतो. क्रमांक मोठा तसे कण बारीक. आठ हजार क्रमांकाच्या दगडातले कण, मानकानुसार, साधारण एक ते तीन मायक्रॉनचे असतात. कोतिक्यूलमधले तामड्याचे कण त्यापेक्षा कितीतरी मोठे. मग कोतिक्यूलने दाढीयोग्य धार कशी येते?

उत्तर कणांच्या आकारात आहे. तामड्याचा स्फटिक अनेक पृष्ठांचा असतो, बारा किंवा चोवीस. त्यामुळे तो जवळजवळ गोल दिसतो आणि त्याचे कोपरे बोथट असतात. कृत्रिम दगडात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. ते फोडून तयार केल्याने टोकदार असतात. टोकदार दगड आणि गोल गोटा यांनी ओल्या मातीवर रेघ ओढून पाहा. सारखाच जोर लावला तरी गोट्याची रेघ रुंद पण उथळ येते. शिवाय तामड्याचा कण बहुतांश पसाऱ्यात रुतलेला असतो, त्याचा थोडाच भाग वर डोकावतो. चराची खोली कणाच्या व्यासावर थेट ठरत नाही. कण किती टोकदार, किती वर आलेला आणि त्याच्यावर जोर किती, यांवर ती ठरते.

म्हणून नैसर्गिक दगडाला 'हा दहा हजार क्रमांकाचा' असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. तो क्रमांक कणांच्या आकारमानाचा आहे, आणि इथे निकाल केवळ आकारमानाने लागत नाही.

उगाळणे आणि टाकी लावणे

सहाणेवर चंदन उगाळताना आपण पाहतो की पाणी कमी तर गंध दाट, पाणी जास्त तर पातळ. कोतिक्यूल, थुरिंगिया आणि जपानी दगडांवरही कारागीर आधी दगडाचाच लहान तुकडा घासून असे गंध काढतात. त्यात सुटे झालेले कण असतात. सुटे कण धार आणि दगड यांच्यामध्ये गडगडतात, आणि काम भराभर होते. पण गडगडणारे कण धारेच्या टोकावरही आदळतात, म्हणून दाट गंधावर धार एका मर्यादेपुढे बारीक होत नाही. मग कारागीर थेंब थेंब पाणी घालत गंध पातळ करत जातो आणि शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर मारतो. तेव्हा फक्त रुतलेले कण काम करतात. एकच दगड अशा रीतीने जाड आणि बारीक अशा दोन्ही दगडांचे काम करू शकतो. कोतिक्यूलबद्दल ही गोष्ट विशेष अनुभवाला येते.

नोव्हॅक्युलाइटमध्ये कण सुटत नाहीत. त्याच्यावर गंध निघत नाही, आणि तो बहुधा तेलावर वापरतात. तेलामुळे पोलादाचा कीस दगडात न रुतता वर तरंगत राहतो. कण सुटत नसल्याने या दगडाचा पृष्ठभाग वापरून गुळगुळीत होत जातो आणि काम मंदावते. आपल्याकडे पाटा-वरवंटा वापरून गुळगुळीत झाला की टाकी लावून घेतात. नोव्हॅक्युलाइटलाही तशीच 'टाकी' लागते, फक्त ती छिन्नीने नव्हे तर जाड काचकागदावर घासून. गुळगुळीत ठेवला तर तोच दगड अतिशय बारीक पण मंद काम करतो, खरखरीत केला तर जलद. म्हणजे एकाच दगडाचे दोन स्वभाव त्याच्या पृष्ठभागाच्या तयारीने ठरतात.

या दगडाची प्रतवारी घनतेवरून करतात, आणि ते प्रयोगशाळेत समजावता येते. क्वार्ट्‌झची घनता २.६५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. दगडाची घनता तिच्या जितकी जवळ, तितक्या त्याच्यात पोकळ्या कमी आणि दगड तितका बारीक काम करणारा.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टचा असा दगड का होत नाही, असे मुले विचारतील. बेसाल्टमधली मुख्य खनिजे फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. त्यांचे काठिण्य ५ ते ६ च्या आसपास, म्हणजे कडक पोलादाहून कमी. पण याच बेसाल्टच्या पोकळ्यांत अकीक सापडतो. तो सूक्ष्म स्फटिकांच्या सिलिकेचा असतो, म्हणजे रासायनिक दृष्ट्या नोव्हॅक्युलाइटचा भाऊच. काही कारागीर अकीकाची सपाट घासलेली चकती शेवटच्या दगडासारखी वापरतातही.

तुलना करायची कशी?

यांतला उत्तम कोणता? वापरणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव असा की कोतिक्यूल जलद आणि चुका सांभाळून घेणारा, थुरिंगियाचा मंद पण मृदू धार देणारा, नोव्हॅक्युलाइट फार मंद आणि तीक्ष्ण धार देणारा, आणि जपानी दगड एकाहून एक निराळे. पण अनुभव आणि पुरावा यांत अंतर असते. ते कुठे पडते हे पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण आधीच्या दगडाची. त्याचे खोल चर शिल्लक राहिले तर दोष शेवटच्या दगडावर येतो. दुसरी सपाटपणाची. दगड मधे खोलगट झाला असेल तर धार सगळीकडे सारखी टेकत नाही. तिसरी चामड्याच्या पट्ट्याची. एकाला वीस हात आणि दुसऱ्याला साठ, तर तुलना पट्ट्याची होते, दगडाची नव्हे. चौथी कसोटीची. लोंबत्या केसावर धार टेकवून तो तुटतो का पाहतात. पण केस जाड की बारीक, कोरडा की ओला, मुळाकडून धरला की टोकाकडून, यांवर निकाल बदलतो. केसावरचे खवले एकाच दिशेने असतात, म्हणून धरण्याची बाजूही महत्त्वाची. पाचवी आणि सर्वांत अवघड अडचण म्हणजे मन. महागडा दगड हातात असला की गालाला धार मऊ लागते!

सहावी अडचण निसर्गाची. एकाच खाणीतले दोन दगड सारखे नसतात, आणि रंगावरून गुण सांगता येत नाहीत. 'कोतिक्यूल चांगला की नोव्हॅक्युलाइट?' या प्रश्नापेक्षा 'हा दगड चांगला की तो?' हा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे.

दोन दगडांची परीक्षा

त्या धोकटीत दोन दगड होते, एक हिरवट आणि एक काळा. काळा दगड कुचकामी, असे मुलाच्या वडिलांचे ठाम मत होते. ते तपासायचे ठरवले.

आधी दोन्ही दगडांवर पेन्सिलीने जाळी आखली आणि काचेवर ठेवलेल्या काचकागदावर घासले. हिरवट दगडावरची जाळी लगेच सगळीकडून पुसली गेली. काळ्याच्या कडा पुसल्या, मधली जाळी तशीच राहिली. तो खोलगट होता. मधल्या रेघा जाईपर्यंत त्याला घासून सपाट केले. मग दोन सारखे वस्तरे घेतले आणि आधीच्या दगडापर्यंत दोघांची धार एकसारखी लावली. शेवटचे हात मुलाच्या काकांनी मारले, एक वस्तरा एका दगडावर, दुसरा दुसऱ्यावर, मोजून तितकेच. पट्ट्यावरही मोजून तितकेच. दर वेळी कोणता वस्तरा पुढे करायचा हे मुलाने नाणे उडवून ठरवले आणि वहीत लिहून ठेवले. वडिलांना काहीच सांगितले नाही. दाढी त्यांनी स्वतःचीच केली, आणि दगड कोणता ते ओळखायचे.

सहा दाढ्यांत तीन वेळा बरोबर, तीन वेळा चूक. नुसते नाणे उडवून अंदाज केला असता तरी साधारण एवढेच आले असते. सहाही वेळा बरोबर आले असते तर निव्वळ नशिबाने तसे होण्याची शक्यता ६४ मध्ये १, म्हणून ते मानावे लागले असते. याचा अर्थ दोन्ही दगड एकसारखेच आहेत असा नाही. सहा वेळांत फक्त मोठा फरक दिसला असता, बारीक फरक दिसायला कितीतरी अधिक वेळा करावे लागेल. एवढे मात्र नक्की की काळा दगड कुचकामी नव्हता. त्याच्यावरचा आरोप खोलगटपणाचा होता, जातीचा नव्हे.

वडील वही पाहून हसले. म्हणाले, "आमचे वडील असते तर त्यांनी हातात घेताच सांगितले असते की दगड बसलाय." तेही खरे असेल.

वर्गात काय करता येईल?

वस्तरा किंवा ब्लेड मुलांच्या हाती अजिबात देऊ नये. त्याची गरजही नाही. पुढच्या गोष्टी सुरक्षितपणे करता येतात.

१. पाटीच्या फुटक्या तुकड्याच्या कडा बोथट करून घ्या. त्याच्यावर खिळ्याने रेघ ओढा. मग ओल्या तुकड्यावर खिळ्याचे डोके पंचवीस वेळा घासा आणि पाणी पांढऱ्या कागदावर पुसा. काळसर डाग दिसला तर सुकल्यावर त्याच्याजवळ चुंबक न्या. मऊ दगडाने लोखंड घासले का, याचे उत्तर मुलांनीच द्यावे.

२. स्टीलची जुनी चपटी पट्टी घ्या. तिच्यावर जाड काचकागद एका दिशेने आणि बारीक कागद आडव्या दिशेने घासा. जाड कागदाचे चर पूर्ण जायला बारीक कागदाचे किती हात लागतात ते भिंगातून पाहून मोजा. फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक असेल तर अधिक चांगले.

३. पाटी, बेसाल्ट, गारगोटी यांचे तुकडे हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढा. पोकळ्यांबद्दल अंदाज बांधा.

४. दोन प्रकारच्या पेन्सिलींनी लिहून कोणती चांगली ते डोळे बांधून ओळखायला सांगा. किती वेळा बरोबर आले म्हणजे मानायचे, हे आधी ठरवा.

हे सगळे आज कशासाठी, असेही कुणी विचारेल. अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवले आणि पुढे हवे त्या क्रमांकाचे कृत्रिम दगड मिळू लागले. जिलेट यांना बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले, आणि घराघरातून धार लावणेच गेले. आपल्या सलूनमध्येही आज दर गिऱ्हाइकाला नवे पाते घालतात. रक्तातून पसरणारे आजार टाळण्यासाठी तेच योग्य आहे. जुने दगड पुन्हा दुकानात यावेत असे कुणी म्हणणार नाही.

पण त्या दगडांबरोबर एक ज्ञानही धोकटीत बंद होऊन पडले आहे. पाणी किती घालावे, जोर केव्हा कमी करावा, दगड बसला हे कसे ओळखावे, हे ज्यांच्या हातांना कळते ती माणसे अजून आपल्या गावात आहेत. त्यांची मुले आपल्या वर्गात बसतात. बापाचा धंदा सांगताना त्यांचा आवाज कधी कधी खाली जातो.

परवा मी काठिण्याचा पाठ पुन्हा घेतला. फळ्यावर श्रेणी लिहिली आणि म्हणालो, "मागच्या वेळी मी एक चुकीचे उत्तर दिले होते. बरोबर उत्तर कोण सांगेल?" मागच्या बाकावरून हात वर आला. तो पुढे आला, खडू घेतला आणि फळ्यावर आधी दगड काढला, मग त्याच्यात कण.